खडकांची वाकळ

हिमाचलातल्या स्पितीमध्ये अट्टरगोचा पूल ओलांडून गाडी पिन नदीच्या खोऱ्यात शिरली आणि थोड्या वेळाने मी ड्रायव्हरदादांना थांबायला सांगितलं. पलीकडच्या काठावर एक कडा उभा होता, पात्रापासून थेट आभाळापर्यंत. त्याच्या अंगावर थर होते, पण एकही सरळ नव्हता. खालून निघालेला करड्या चुनखडकाचा एक जाड पट्टा वर चढत गेला होता, मग वळला, स्वतःवरच उलटा दुमडला आणि पुन्हा खाली आला. त्याच्या पोटात दुसरा पट्टा, त्याच्या पोटात तिसरा. मधल्या काळपट, पातळ थरांचा तर पार चोळामोळा झालेला. पहाटे उकडायला लागल्यावर झोपेतच आपण पायाने वाकळ रेटतो आणि तिचा पायथ्याशी ढीग होतो, तसा तो कडा दिसत होता.

मी बराच वेळ तिथे उभी होते. बरोबरच्या मंडळींना पुढच्या गावी जाऊन चहा प्यायचा होता, मला त्या कड्यावरून नजर काढवत नव्हती. शाळेत भूगोलाच्या तासाला घोकलेलं एक वाक्य आठवत होतं: मऊ खडकांवर दाब आला की त्यांना वळ्या पडतात, कठीण खडकांवर दाब आला की ते तुटतात. वली पर्वत आणि गट पर्वत. दोन आकृत्या काढा, नावे द्या. ते वाक्य इतकी वर्षं मी खरं मानत आले होते. पण समोरचा खडक तर कठीण होता. रस्त्याकडेला त्याचाच एक तुकडा पडला होता, त्यावर दुसरा दगड आपटून पाहिला तर खणखणीत आवाज आला. मग हा वाकला कसा? आणि वाकला असेल तर त्या बाकावरच्या, म्हणजे वळणावरच्या, पांढऱ्या शिरा कसल्या? त्या तर तडकल्यासारख्या दिसत होत्या.

मी बार्शीची. आमच्याकडे थर म्हटले की ते आडवेच. विहिरीत डोकावलं तरी आडवे, घाटातून जाताना कडा बघितला तरी आडवे. काळ्या दगडाचा एक थर, मध्ये कुठे लाल मातीचा पातळ पट्टा, त्यावर पुन्हा काळा दगड. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून वाहून आलेला लाव्हा जसा निवला तसाच आजही पडून आहे. त्याची पायऱ्यापायऱ्यांची रचना पाहून भूशास्त्रज्ञांनी त्याला ‘ट्रॅप’ म्हटलं, मुळात स्वीडिशमधला जिना. पनवेलच्या बाजूला हे थर समुद्राकडे कललेत, एवढं सोडलं तर शेकडो किलोमीटर सगळं समतल. अशा मुलखात वाढलेल्या माणसाची एक समजूत आपोआप तयार होते. जमीन म्हणजे न हलणारी वस्तू.

माझी ती समजूत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गेली. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गाव नुकतं झोपलं होतं. मी दहा वर्षांची होते. चार वाजायला चार मिनिटं कमी असताना कुणीतरी पलंग धरून हलवतंय असं वाटलं, मग फडताळातली भांडी वाजायला लागली, मग कुत्री. आजीने मला दंडाला धरून अंगणात ओढलं. पुढचे आठ-दहा दिवस आम्ही अंगणातच झोपत होतो, आजीने शिवलेल्या वाकळीवर. दिवस उजाडल्यावर रेडिओवरून किल्लारी हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं. आमच्यापासून जेमतेम शंभर किलोमीटर. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर बसली. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचं माहेरचं अख्खं कुटुंब गेलं. त्या काकूंचा आवाज आजही माझ्या कानातून गेलेला नाही.

त्या दिवसांत संध्याकाळी गल्लीतले एक निवृत्त मास्तर अंगणात येऊन बसायचे. आजीने त्यांना एकदा विचारलं, “मास्तर, आपल्याकडं डोंगर न्हाईत, काय न्हाईत. समदं सपाट. मग जमीन का हलली?” मास्तरांनी पृथ्वीच्या पोटातल्या हालचालींचं काहीतरी सांगितलं. आजीचं समाधान झालं नाही. माझंही नाही.

पिनच्या कड्यासमोर हा प्रश्न मला पुन्हा आठवला. त्यामुळे पुण्याला परतल्यावर जे जे वाचलं, विचारलं, करून पाहिलं, ते या एका प्रश्नाभोवतीच फिरत राहिलं.

आमच्या पठारावर लाव्हा वाहत होता, तेव्हा ही जमीन आजच्या जागी नव्हतीच. विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि वर्षाला सुमारे १५ सेंटिमीटरच्या वेगाने उत्तरेकडे निघाली होती. भूपट्टांच्या हिशेबात ही धावच. या भूखंडाच्या उत्तर काठावर टेथिस नावाच्या समुद्राचं उथळ पाणी होतं. त्या पाण्याच्या तळाशी कोट्यवधी वर्षं गाळ साचत होता: चुना, चिखल, वाळू, पुन्हा चिखल. स्पितीचे डोंगर त्या समुद्रतळाचेच आहेत. म्हणजे एकाच भूपट्टावर दक्षिणेकडे आमचा लाव्हा आणि उत्तर काठावर स्पितीचा चिखल. स्पितीला जाऊन मी परक्या मुलखात गेले नव्हते, आपल्याच घराच्या पुढच्या ओसरीवर गेले होते. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी ही ओसरी आशियाला जाऊन भिडली.

स्पितीतल्या काझाच्या वर, ४,४०० मीटर उंचीवरच्या लांगझा गावात एका लहान मुलाने हातात धरलेला एक काळा दगड मला दाखवला. गोल, मुठीएवढा. त्याने तो दोन अर्ध्यांत उघडला आणि आत चक्राकार शिंपला. अ‍ॅमोनाइट. ज्युरासिक काळातला, समुद्रातला. घरी देव्हाऱ्यात असतो तो शाळिग्राम याच जातीचा. तो नेपाळमधल्या काळी गंडकीच्या पात्रातून येतो आणि ती नदी तो ज्या काळ्या थरांतून काढते, ते स्पितीच्या थरांचेच भाऊबंद. तुळशीच्या लग्नात आपण ज्याच्यावर अक्षता टाकतो तो टेथिस समुद्रातला जीव आहे, हे मला तिथे, त्या थंड वाऱ्यात समजलं. दगड मी घेतला नाही. ते तिथेच राहायला हवेत.

पण त्या मुलाकडे दुसरा एक तुकडा होता, तो मला जास्त शिकवून गेला. हा गोळ्यातला नव्हता, सुट्या काळ्या पाटीत सापडलेला. त्यातलं चक्र गोल नव्हतं. ते चपटं झालं होतं, लांबट, कुणी तळहाताने दाबून एका बाजूला ओढल्यासारखं. सुरुवातीला मला वाटलं ही दुसरी जात असावी. जात तीच होती. गोळ्याच्या कठीण कवचात अडकलेलं चक्र वाचलं, भोवतालच्या मऊ चिखलात राहिलेलं चेंगरलं. हा जीव जिवंतपणी कसा वेटोळा होता हे ठाऊक असल्यामुळे, आज तो किती वेडावाकडा आहे हे मोजून भूशास्त्रज्ञ खडक किती दाबला गेला ते काढतात. मापपट्टी खडकातच पुरून ठेवलेली.

या थरांना ‘स्पिती शेल’ (शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा खडक) हे नाव रुळवणाऱ्यांपैकी एक होते फर्डिनांड स्टोलिच्का. आजच्या चेकियातल्या मोराव्हियात जन्मलेले, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला. १८६० च्या दशकात त्यांनी ही खोरी पायी तुडवली. आज रस्ता असूनही आमचा जीव दमतो. १८७४ मध्ये काराकोरमच्या वाटेवरून परतताना वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी ते गेले. लेहमध्ये त्यांची कबर आहे.

आता माझ्या मूळ शंकेकडे येते.

दगड वाकतो कसा, हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी सर जेम्स हॉल नावाच्या स्कॉटिश गृहस्थांना पडला होता. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे नागमोडी थर पाहून त्यांनी घरी एक प्रयोग केला. टेबलावर लिनन आणि लोकरी कापडाचे तुकडे एकावर एक पसरले. वर एक दार काढून आडवं ठेवलं, त्यावर वजनं रचली. मग थप्पीच्या दोन्ही बाजूंना फळ्या लावून त्या आत ठोकल्या. दार हळूहळू वर उचललं गेलं आणि कापडाला किनाऱ्यावरच्या खडकांसारख्याच वळ्या पडल्या. १८१२ मध्ये त्यांनी हे एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं.

हे वाचलं आणि मला आजी दिसली. वाकळ शिवताना ती खाली जुनं लुगडं अंथरायची, मध्ये धोतरांचे, सदऱ्यांचे तुकडे, वर पुन्हा लुगडं. मग कडेकडेने धावदोरा घालत आत जायची. कोरं मांजरपाट ती कधीच तसंच घालत नसे. आधी दोनदा धुऊन, आटवून घ्यायची. एकदा माझ्या आत्याने घाईत कोरं कापड घातलं, वर नायलॉनची साडी. पहिल्या धुण्यात मांजरपाट आटलं, नायलॉन आटलं नाही, आणि सगळ्या वाकळीवर बारीक बारीक सुरकुत्या उठल्या. आजी म्हणाली, “एकीला जायचं हुतं, दुसरीला न्हाई. मग दुसरी करंल काय? फुगंल.” वलीकरणाची याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही. सगळ्या थरांना कमी जागेत मावायचं असतं. जो दाबला जाऊन आखूड होऊ शकतो तो निमूट आखूड होतो. जो ताठ आहे, त्याला आखूड होता येत नाही, म्हणून तो बाक घेतो. थर जाड असेल तर लांबरुंद बाक, पातळ असेल तर बारीक वळ्या. जाजम सरकवलं तर दोन-तीन मोठ्या लाटा उठतात, मलमल सरकवली तर पन्नास चुण्या. पिनच्या कड्यावर जाड चुनखडक ऐटीत वळला होता आणि मधल्या पातळ थरांचा चोळामोळा झाला होता, त्याचं कारण हे.

म्हणजे शाळेतल्या वाक्याची पहिली गंमत इथेच उघडी पडली. वळी उठवतो तो ताठ थर. मऊ थर तिच्यामागे वाहत जातो, तिच्या कोपऱ्यात भरतो.

पण कापड वाकतंच, दगडाचं काय? १९११ साली थिओडोर फॉन कार्मान यांनी इटलीतल्या कारारा संगमरवराचे छोटे दंडगोल घेतले. नुसते वरून दाबले तर ते नेहमीप्रमाणे फुटले. मग त्यांनी दंडगोलाला चारी बाजूंनी द्रवाच्या जबरदस्त दाबात धरलं आणि मग वरून दाबलं. आता तोच संगमरवर फुटला नाही. पिंपासारखा मध्ये फुगला आणि तसाच राहिला. दगड तोच, तापमान खोलीचंच, फक्त चहूबाजूंनी आवळलेला. तडा जायचा म्हणजे दगडाला दोन्हीकडे सरकायला जागा हवी, आणि खोलवर ती जागाच नसते.

त्यात उष्णता मिळवा. जमिनीत दर किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. तीनशे अंशांच्या आसपास गारगोटीचे स्फटिक, म्हणजे ज्या दगडावर आपण लहानपणी ठिणग्या पाडायचो तो, हळूहळू वाहायला लागतात. वितळत नाहीत. घनच राहतात, पण त्यांच्या आतली जाळी कणाकणाने सरकत जाते आणि जुना स्फटिक मोडून नवा घडत राहतो. आणि त्यात वेळ मिळवा. पावसाळ्यात फळीवर ठेवलेली गुळाची ढेप कोणी हात न लावता पसरट होते, पण तिच्यावर बत्ता मारला की फुटते. गूळ एकच. हळू दाबला तर पसरतो, झटका दिला तर तुटतो. हिमालयाला दाबायला पाच कोटी वर्षं मिळाली होती.

शेजाराचाही हिशेब असतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात सुंदर आहे. स्पितीच्या वाटेवर किन्नौरमधून जाताना रस्त्याच्या कापात करडे-पांढरे पट्टेवाले खडक दिसतात. जवळ जाऊन बघितलं तर पट्ट्यांमध्ये बदामासारखे पांढरट दाणे असतात, म्हणून त्या खडकाच्या ‘ऑगेन नाइस’ या जर्मन नावात डोळे आहेत. मी एका दाण्यावर बोट ठेवलं. तो फेल्स्पार या खनिजाचा होता. त्याच्या दोन्ही बाजूंनी गारगोटी शेवयांसारखी लांब ओढली जाऊन त्याला वळसा घालून गेली होती. दाण्यामध्ये एक आडवी चीर होती, केसाएवढी. बाहेर वाहणारा खडक, आत तडकलेला कण, आणि दोन्ही एकाच वेळी, एकाच तापमानाला. गारगोटी वाहायला लागते तेव्हा फेल्स्पार अजून ताठ असतो, त्याला आणखी दीडएकशे अंश लागतात. चार्ल्स लॅपवर्थ यांनी १८८५ मध्ये अशा दळल्यासारख्या बारीक खडकांना गिरणीच्या ग्रीक शब्दावरून ‘मायलोनाइट’ म्हटलं. त्यांना वाटलं होतं खडक पिठासारखा दळला गेलाय. दळणं थोडं होतं, वाहणंच जास्त होतं, हे पुढे सूक्ष्मदर्शकाखाली कळलं. नाव मात्र गिरणीचंच राहिलं.

ताणाखाली आलेल्या ताठ थराची तऱ्हा आणखी वेगळी. पुरणपोळी लाटताना कणीक सैल आणि पुरण घट्ट राहिलं तर काय होतं हे प्रत्येक सुगरणीला माहीत आहे. पारी पसरत जाते, पुरण पसरत नाही, त्याचे आत तुकडे पडतात आणि तुकड्यांच्या मध्ये पारीच पारीला चिकटते. मऊ शेलमध्ये अडकलेला चुनखडकाचा किंवा क्वार्ट्झाइटचा, म्हणजे गारगोटीच्या कणांच्या कठीण खडकाचा, पट्टा असाच तुटतो. माळेतल्या मण्यांसारखे एका ओळीत तुकडे, आणि प्रत्येक दोन मण्यांमध्ये शेल आत ओघळलेला. बेल्जियमच्या खाणीत हे पाहणाऱ्यांना सॉसेजच्या माळा आठवल्या, त्यांनी त्यावरून ‘बूदिनाज’ नाव ठेवलं. आपल्याकडे कुणी पाहिलं असतं तर नाव पोळपाटावरून आलं असतं.

आणि त्या बाकावरच्या पांढऱ्या शिरा? त्यांनी मला सगळ्यात जास्त छळलं होतं. थर वाकतो तेव्हा आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते. बाहेर चिरा पडतात. दरम्यान, जिथे दाब सगळ्यात जास्त तिथे चुनखडक खडकातल्याच ओलाव्यात विरघळायला लागतो. पॉलिश केलेल्या चुनखडकाच्या फरशीवर कधी काळसर, दातेरी रेघ दिसते, ईसीजीच्या कागदावर असते तशी. ती विरघळण्याची जागा. चुना गेला, न विरघळणारी घाण मागे राहिली. विरघळलेला चुना पाण्याबरोबर जवळच्या उघड्या चिरांत गेला आणि तिथे पांढऱ्या कॅल्साइटच्या रूपाने पुन्हा जमला. म्हणजे मी समोर पाहत होते तो खडक वाकत होता, तडकत होता, विरघळत होता आणि स्वतःच्याच अंगातलं काढून तडे बुजवत होता. हे सगळं एका हाताच्या अंतरात. मऊ का कठीण हा प्रश्नच त्याला लागू नव्हता. किती खोल, किती गरम, किती हळू आणि शेजारी कोण, एवढंच विचारायचं.

हे झालं एका कड्याचं. अख्खा हिमालय याच तऱ्हेने घडलाय, पण तिथे वळ्यांपेक्षा चढाओढ मोठी. जमिनीचे कित्येक किलोमीटर जाडीचे थर मुळापासून सुटले आणि कौलांसारखे एकमेकांवर चढले. चंदीगडहून स्पितीला जाणारा प्रवासी तीन मोठे विभंग, म्हणजे जिथे खडक तुटून सरकलाय असे तडे, ओलांडतो. पहिला चंदीगडच्या उशाशीच, शिवालिकच्या पायथ्याला. दुसरा कालका मागे टाकून चढ लागला की. तिसरा खूप आत, किन्नौरमध्ये. यांतला सगळ्यात आतला सगळ्यात जुना, दोनेक कोटी वर्षांपूर्वी जोरात सरकणारा. मधला साधारण एक कोटीच्या घरातला. पायथ्याचा सगळ्यात नवा, आजही जागा. पर्वत असा दक्षिणेकडे एकेक पायरी पुढे टाकत आलाय. भारत आजही वर्षाला चार-पाच सेंटिमीटर आशियात घुसतोय, त्यातले दोनेक सेंटिमीटर एकटा हिमालय सोसतो. काही सावकाश वाकून, उरलेलं साठवून, आणि मग एका झटक्यात. १९०५ चं कांगडा, २०१५ चं नेपाळ.

आतला आधी आणि बाहेरचा नंतर, असं का, हे मला कागदावर समजेना. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत भाची आली तेव्हा आम्ही माशांची जुनी काचेची पेटी काढली. तळाला पावडर लावली. चाळलेल्या वाळूचा बोटभर थर, त्यावर पांढऱ्या रांगोळीची पातळ चिमूट-चिमूट पेरलेली रेघ, पुन्हा वाळू, पुन्हा गुलाबी रांगोळी. असे चार थर, पट्टीने सपाट केलेले. भाचीने वरच्या पृष्ठभागावर दर पाच सेंटिमीटरला कुंकवाचा ठिपका ठेवला. मग एका टोकाला लाकडी फळी उभी घालून ती मी ढकलायला लागले.

“मावशी, हळू. हिमालय आहे.”

सुरुवातीला काहीच झालं नाही. फळी बोटाच्या पेराएवढी सरकली तरी काचेतून थर सरळच दिसत होते. मग एकदम फळीच्या पुढ्यात वाळूचा उंचवटा आला आणि काचेवर एक तिरपी रेघ उमटली, जिच्या एका बाजूची पांढरी रांगोळी दुसऱ्या बाजूच्या रांगोळीवर चढली होती. आमचा पहिला विभंग. आणखी ढकललं तसा उंचवटा वाढला, वाढला, आणि मग जणू त्याला स्वतःचं वजन पेलेना. त्याच्या पुढे, अजून सपाट असलेल्या वाळूत, नवी तिरपी रेघ फुटली. जुनी थांबली, नव्या पायरीच्या पाठीवर बसून पुढे आली. मग तिसरी. वाळूची एक पाचर तयार झाली, फळीकडे उंच, पुढे निमुळती. शेतात औताने रेटलेल्या मातीचा, अंगणात खराट्याने लोटलेल्या कचऱ्याचा जो आकार होतो तोच. ढीग एका उतारापर्यंतच चढतो, मग त्याला वाढायचं तर पुढची जमीन कवेत घ्यावी लागते. किन्नौर, कालका, चंदीगड, याच क्रमाने का, हे मी माझ्याच हाताने करून पाहिलं.

भाचीने शेवटी विचारलं, “मग पेटीच्या या टोकाला काय? इथे तर काहीच झालं नाही.”

ते टोक म्हणजे आम्ही. किल्लारी.

किल्लारीला नंतर शास्त्रज्ञांनी खोल छिद्र पाडलं. काळा दगड साडेतीनशे मीटरच्या आतच संपला, आणि खाली भारतीय द्वीपकल्पाचा प्राचीन पाया लागला. तुटला तो हा पाया, काही किलोमीटर खोल. आणि तो ज्या तऱ्हेने तुटला ती तऱ्हा मी काचेतून पाहिलेलीच होती. एक बाजू दुसरीवर चढली. किल्लारीजवळच्या शेतात जमिनीचा एक पट्टा फुगून वर आलेला लोकांनी पाहिला होता. ताणून तुटलेल्या जमिनीत असं होत नाही, दाबून तुटलेल्या जमिनीत होतं. द्वीपकल्पात ठिकठिकाणी मोजलेला दाबही साधारण उत्तर-ईशान्य दिशेचा निघतो, हिमालयाच्या धडकेच्या रोखाने. भूपट्ट एकच आहे. पुढचं टोक अडलं की मागच्या सगळ्या अंगाला ते जाणवतं, आणि आत कुठे जुनी, कमजोर चीर असेल तर ती कधीतरी सरकते. एकदा सरकल्यावर ती पुन्हा सरकेपर्यंत हजारो वर्षं जाऊ शकतात. माळवदाखाली झोपलेल्या माणसाला ते कळायचा मार्ग नसतो. म्हणूनच अशा गावांत भिंती कशा बांधल्या जातात याला मी डोंगराच्या उंचीइतकंच महत्त्व देते, आणि त्याबद्दल आपल्याकडे आजही पुरेसं बोललं जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आजीला हे सांगायचं राहून गेलं.

भाचीला मी म्हटलं, “ठिपके मोज.”

तिने पेटीच्या त्या सपाट टोकाला पट्टी लावली. शेवटच्या विभंगाच्याही पुढे, जिथे वाळूला वळी नव्हती, चीर नव्हती, पांढरी आणि गुलाबी रेघ काचेवर सरळ होती. तिने दोनदा मोजलं, मग मला मोजायला लावलं. दोन ठिपके ठेवताना त्यांच्यात पाच सेंटिमीटरचं अंतर होतं. आता ते चार सेंटिमीटर आठ मिलिमीटर भरत होतं.